टप तापू नये म्हणून

मे महिन्याच्या २०-२१ तारखेला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास वाशिमला सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच मावते. गाव साधारण २०.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्यही बरोबर तेवढाच उत्तरेकडे सरकलेला असतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून हौशी मंडळी तो पाहतात, फोटो काढतात. त्याच वेळी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीचं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. सूर्य डोक्यावर असल्यामुळे गाडीच्या बाजूंना ऊन जेमतेम चाटून जातं. पडतं ते सगळं टपावर. मेच्या मध्यापासून पुढचे दोन महिने भर दुपारची ही स्थिती फारशी बदलत नाही. पावसाचे ढग येतात तेवढीच सुटका.

निरभ्र दुपारी एक चौरस मीटर आडव्या पत्र्यावर साधारण ९०० ते १००० वॅट इतकी सूर्यशक्ती पडते. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीचा टप दहा चौरस मीटरचा धरला, तर हा आकडा नऊ-दहा किलोवॅटवर जातो. हजार वॅटच्या नऊ-दहा इस्त्र्या टपावर पालथ्या घालून चालू ठेवाव्यात, तसाच हा प्रकार. ही सगळी उष्णता आत येत नाही, हे नशीब. काही परावर्तित होते, काही वारा नेतो, काही तापलेला पत्राच आकाशाकडे परत फेकतो. पण गडद रंगाचा उघडा पत्रा सत्तर अंशांच्या आसपास तापला आणि आत तीस अंश राखायचे म्हटलं, तर ढोबळ हिशेबानं दोन-अडीच किलोवॅट उष्णता एकट्या टपातून खाली उतरत राहते. काचांमधून येणारी वेगळी, माणसांच्या अंगाची वेगळी. बसलेला माणूस स्वतःच शंभरेक वॅट उष्णता बाहेर टाकतो. दहा माणसं म्हणजे आणखी एक किलोवॅट.

गाडीत राहणं ही वाशिमकरांना परकी गोष्ट नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि झोपायची सोय, ओटा, मोरी असलेल्या गाड्यांची चर्चा सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला चैत्रात रामनवमीच्या यात्रेला गाड्या येत आल्या आहेत. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून बंजारा कुटुंबं येतात. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, पिठाचे डबे, पाण्याचे ड्रम, सगळं गाडीतच. दुपारची सावली गाडीची आणि रात्रीचं अंथरूणही गाडीतच किंवा गाडीशेजारी. ज्या समाजाच्या पूर्वजांनी धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचे तांडे देशभर फिरवले, त्यांच्यासाठी चाकावरचं घर हा नवा शोध नव्हे. फरक एवढाच की कापडी पाल वारा आत घेतं आणि पत्र्याची गाडी वारा अडवते.

दुसरी मंडळी समृद्धी महामार्गावरची. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. जून २०२५ पासून तो पूर्ण लांबीनं खुला झाला आहे. अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव करत वाशिम-हिंगोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरही ट्रकांची रांग असते. ट्रकचा ड्रायव्हर महिन्यातल्या कित्येक रात्री केबिनमागच्या फळीवर झोपतो. माल उतरायला वेळ लागला की दुपारीही तिथेच पडतो. त्याला कोणी पर्यटक म्हणत नाही, पण राहती गाडी थंड ठेवण्याच्या शास्त्राची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे.

काचेपासून सुरुवात करू. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. आतला डॅशबोर्ड, सीटा, स्टिअरिंग तो शोषून तापतात आणि तापलेल्या वस्तू जी लांब तरंगलांबीची अवरक्त किरणं सोडतात, ती काचेतून पार होत नाहीत. त्यात भर म्हणजे आतली तापलेली हवा कोंडलेली असते. बाहेरच्या हवेत मिसळून निवायला तिला वाटच नसते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उन्हाळ्यातल्या कडक दिवसांत संशोधकांनी गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप घेतलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उन्हातल्या गाडीत तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, स्टिअरिंग ५३ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या गाडीत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८. टेम्पी कोरड्या वाळवंटी मुलखात आहे; आपल्याकडच्या वैशाखाशी ते चांगलं जुळतं. त्याआधी २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला होता. बंद गाडीत तासाभरात तापमान जितकं वाढतं, त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच दोन बोटं खाली ठेवल्यानं जवळजवळ काहीच फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून लेकराला गाडीत ठेवून दुकानात जाणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

काच झाकायची तर बाहेरून झाकावी. आतून लावलेला चंदेरी पडदा बरंच ऊन परत पाठवतो, पण जे शोषून घेतो ते काचेच्या आतल्या बाजूलाच राहतं. बाहेर टाकलेली चादर, गोणपाट किंवा नर्सरीत वापरतात ती हिरवी शेडनेट स्वतः तापली तरी तिची उष्णता बाहेरच उडून जाते. काळ्या फिल्मची पळवाट काढू नये. चालत्या गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेलाच पाहिजे, असा नियम आहे. उभ्या गाडीवर मात्र काय हवं ते पांघरूण घाला.

आता टप. इथे सर्वांत स्वस्त इलाज रंगाचा. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं एकाच बनावटीच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात शेजारी शेजारी उभ्या केल्या. काळीचा टप चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापला आणि आतल्या हवेत पाच-सहा अंशांचा फरक पडला. यंत्र नाही, वीज नाही, नुसता रंग. पांढरा रंग चंदेरीपेक्षाही उजवा, कारण तो ऊन परतवतो आणि स्वतःची उष्णताही आकाशाकडे सहज सोडतो. चकचकीत उघड्या धातूचं तसं नसतं; तो ऊन परतवतो, पण एकदा तापला की उष्णता धरून बसतो. म्हणून घराच्या गच्चीला चुना मारतात तसा गाडीच्या टपाला पांढरा परावर्तक रंग मारावा. टपाचा रंग बाकी गाडीपेक्षा वेगळा करायचा, तर आरटीओत आधी विचारून घ्यावं.

रंगानंतर अस्तर. आतून इंचभर जाडीचं उष्णतारोधक अस्तर लावलं, तर नुसत्या पत्र्यातून उतरणारे दोन-अडीच किलोवॅट हिशेबानं अर्ध्या किलोवॅटवर येतात. वरून टप पांढरा असेल तर पाव किलोवॅटवर. अस्तरासाठी थर्माकोल वापरायचा मोह होतो, कारण तो कुठेही मिळतो. तो वापरू नये. तो चटकन पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो. ज्या गाडीत स्टोव्ह पेटतो त्या गाडीत तर नकोच. आग पसरू न देणारा नायट्राइल रबराचा फोम वातानुकूलनाच्या पाइपांना गुंडाळायला वापरतात. तो शहरांतल्या फ्रिज-एसीच्या दुकानांत मिळतो.

ज्यांना गाडीत काही ठोकायचं नाही, त्यांच्यासाठी सावली आहे, आणि सावलीचं तंत्र आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. वाशिमच्या शेतातून तुरी निघाल्या की तुराट्या उरतात. त्यांचा मांडव गोठ्यावर घालतात, अंगणात घालतात. तुराट्यांच्या मांडवाखाली आणि पत्र्याच्या शेडखाली एकाच दुपारी बसून पाहावं. मांडव वरच्या वर तापतो, त्याच्या फटींतून वारा खेळतो आणि खाली धग येत नाही. गाडीवर टाकलेलं कापड टपाला चिकटून असेल तर निम्मा फायदा जातो. कापड आणि टप यांच्यामध्ये चार बोटं जागा हवी आणि त्या जागेतून वारा वाहता हवा. दोन बांबू आडवे टाकून त्यावर शेडनेट ताणली, तरी काम भागतं.

सावलीइतकीच गाडीच्या तोंडाची दिशाही महत्त्वाची. दुपारी तीननंतर सूर्य पश्चिमेला कलतो आणि ऊन टपावरून काचांवर येतं. हवा तर त्याच वेळी सर्वांत तापलेली असते. म्हणून मोठी काच पूर्वेला आणि पाठ पश्चिमेला करून गाडी लावावी. सकाळचं कोवळं ऊन काचेवर आलं तरी चालतं. झाड निवडताना गाडीच्या पश्चिमेला उभं असलेलं निवडावं, म्हणजे चार वाजताची लांब सावली गाडीवर पडते. भर बाराला झाडाच्या पूर्वेला लावलेली गाडी उन्हात दिसते आणि माणसं ती उचलून बुंध्यापाशी नेतात. पण दुपारभर राहायचं असेल तर पहिलीच जागा बरोबर होती.

एवढं केलं की मग पाण्याकडे वळावं. पाण्याची ताकद किती, हे छागलीकडून शिकावं. जाड सुती कॅनव्हासची पाण्याची पिशवी, तोंडाला बूच, वर अडकवायला दोरी. एके काळी ट्रकच्या, जीपच्या पुढच्या बंपरला ती लोंबत असायची. कोरी छागल पहिल्यांदा भरली की गळते. मग धागे पाणी पिऊन फुगतात, वीण आवळते आणि थेंब गळायचे थांबतात. तरीही बाहेरचं कापड सतत ओलसर राहतं. गाडी पळू लागली की गरम वारा त्या ओल्या कापडाला घासतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढली जाते. पाच लिटर पाणी ४० अंशांवरून २५ अंशांवर आणायला सव्वाशे-दीडशे मिलिलीटर पाण्याची वाफ पुरते, एवढा हा सौदा किफायतशीर आहे. बाहेरून उष्णता येतच असते म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त उडतं, इतकंच.

बर्फाशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपटीहून जास्त. आपल्या रेल्वेनं हे दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. १८७२ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं पहिल्या वर्गाच्या डब्यांत वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून हवा आत घ्यायची सोय केली. हीच कंपनी वऱ्हाडातून, अकोला-बडनेऱ्यावरून, १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती. पुढे १९३४ मध्ये फ्रंटियर मेलच्या एका डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांच्यावरून हवा खेळवण्यात आली. वाटेतल्या स्टेशनांवर त्या लाद्या बदलाव्या लागत. आजही एसीची क्षमता आपण ‘टन’मध्ये मोजतो, ती या बर्फामुळेच. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेतो, तितकी उष्णता काढणारं यंत्र एक टनाचं, म्हणजे साडेतीन किलोवॅटचं.

विदर्भातला कुलर हा वाळ्याच्या ताट्यांचा थेट वारस. वाळ्याच्या ताटीला बाजारात आपण खसची ताटी म्हणतो. उन्हाळा लागला की ती बदलायची, तिच्यावर पाणी पडलं की घरभर मातीचा वास. हवा कोरडी असेल तर कुलर काय करू शकतो, ते ओल्या थर्मामीटरवरून कळतं. थर्मामीटरच्या बुडाला ओली वात गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्याखाली कुलर जाऊच शकत नाही. मेमध्ये हवा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ती पातळी २३ अंशांच्या जवळपास येते. चांगल्या ताटीचा कुलर मधल्या वीस अंशांपैकी तीनचतुर्थांश गाठतो. म्हणजे जाळीतून येणारी हवा २७-२८ अंशांची. ४३ अंशांच्या दुपारी हे सुख कमी नाही.

मग गाडीत छोटा कुलर बसवूनही लोक ‘काही उपयोग नाही’ असं का म्हणतात? कारण हिशेब पुरता मांडलेला नसतो. समजा कुलर तासाला पाचशे घनमीटर हवा आत सोडतो आणि ती २८ अंशांची आहे. आपल्याला आत ३१ अंश चालणार आहेत. म्हणजे ही हवा गाडीतून जाताना फक्त तीन अंश तापू शकते. तेवढ्यात ती जेमतेम अर्धा किलोवॅट उष्णता उचलते. टपातूनच अडीच किलोवॅट येत असतील तर कुलर बिचारा हरणारच. रंग, सावली आणि अस्तर यांनी टपाचा वाटा पाव किलोवॅटवर आणला, तर तोच कुलर दोन-तीन माणसांची गाडी दुपारभर सांभाळतो. माझ्या मते राहत्या गाडीच्या थंडाव्याचं सगळं शास्त्र या एका हिशेबात आहे, आणि पैसे खर्च करण्याचा क्रमही त्यातूनच ठरतो: आधी टप, मग काच, मग पाणी, आणि यंत्र सर्वांत शेवटी.

टपावर ओलं गोणपाट टाकण्याची युक्ती याच क्रमात बसवावी. भर उन्हातलं गोणपाट ऊनच पिऊन पाणी उडवतं आणि दहा चौरस मीटरला तासाला दहा लिटर सहज मागतं. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा खर्च परवडणारा नाही. वर शेडनेट ताणून तिच्या सावलीत गोणपाट भिजवलं, तर बरंच कमी पाणी लागतं. कुलरला तासाला तीन-चार लिटर पुरतात. पाणी बोअरचं असेल तर क्षार ताटीवर साचून ती चुन्यासारखी कडक होते, वारा अडतो; टाकीतलं उरलेलं पाणी रोज काढून टाकलं की हा त्रास कमी होतो. आणि कुलर लावला की समोरची खिडकी उघडी हवीच. हवा बाहेर पडायला जागा नसेल तर आत दमट कोंडी होते, घाम वाळत नाही आणि तापमान कमी असूनही जीव घाबरतो.

नुसता पंखा कधी पुरतो? बाहेर ३५-३६ अंश असेपर्यंत चांगला पुरतो. पारा ४० च्या वर गेला की पंखा अंगावर गरम हवाच मारतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्यापुढे पंख्यावर विसंबू नका असं सांगते. अशा वेळी अंगावर ओला दुपट्टा घेऊन पंख्यापुढे बसावं. घामाचं काम बाहेरच्या पाण्यानं होतं.

एसी हवाच असेल तर त्याच्या विजेचा विचार आधी करावा. बारा व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ०.९ युनिट. एक टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला सुमारे एक युनिट खातो. तासभरही चालायचा नाही. त्याच बॅटरीवर साठ वॅटचा पंखा-पंप असलेला कुलर पंधरा तास चालतो. टपावर सौर पट्ट्या बसवल्या तर वीजही मिळते आणि टपाला सावलीही, पण इथेही मधली चार बोटं जागा सोडावी. पट्टी तापली की वीज कमी देते. ६५ अंशांच्या पट्टीचं उत्पादन ठरलेल्या क्षमतेपेक्षा बारा-पंधरा टक्क्यांनी घसरतं, आणि खालून वारा मिळाला की ही घट आवरते.

ट्रकच्या बाबतीत सरकारनं एक चांगला नियम केला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. याची वाट ड्रायव्हरांनी फार वर्षं पाहिली. पण हा एसी इंजिनावर चालतो. गाडी उभी राहिली, इंजिन बंद झालं की एसीही बंद, आणि झोपायची वेळ तर तीच असते. इंजिन चालू ठेवून झोपणं डिझेलचा नाश करतंच, शिवाय जिवावर बेतू शकतं. गळक्या सायलेन्सरमधून किंवा उलट्या वाऱ्यानं धूर केबिनमध्ये शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद गाडीत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवण्यातही हाच धोका आहे.

रात्रीचा मामला वेगळा. कोरड्या हवेत, निरभ्र आकाशाखाली पत्रा जितक्या झटकन तापतो तितक्याच झटकन निवतो; पहाटेकडे तो भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकतो. दिवसा उपयोगी पडलेलं अस्तर रात्री मात्र आतली ऊब धरून ठेवतं. म्हणून दिवस मावळला की वरची शेडनेट काढावी, टपाची खिडकी आणि खालची एखादी खिडकी दोन्ही उघडाव्यात. गरम हवा वरून निघते, थंड हवा खालून शिरते. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी हवी, नाहीतर रात्री कोणी त्या उघड्या ठेवणार नाही.

नवतपा संपून मृगाची चाहूल लागली की कुलरचं बळ ओसरतं. हवा ३४ अंशांवर आली, पण आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली, तर ओल्या थर्मामीटरचा पारा २९ अंशांच्या खाली उतरत नाही. कुलर तीन-चार अंश कमी करतो आणि वर दमटपणाची भर घालतो. त्या दिवसांत ताटीचं पाणी बंद करून नुसता पंखा लावावा.

आता प्रश्न उरतो तो एकट्या गाडीला न सुटणारा. यात्रेच्या मैदानावर आणि महामार्गाच्या थांब्यावर गाड्या उघड्यावर उभ्या राहतात. एक साधा आराखडा मांडून पाहा. दहा ट्रॅव्हलर गाड्यांची रांग, तोंडं पूर्वेला, पश्चिमेच्या कडेला कडुनिंब, आणि वर उंच शेड. प्रत्येक गाडीला साडेसतरा चौरस मीटर छप्पर धरलं तर १७५ चौरस मीटर होतात. त्या छपरालाच सौर पट्ट्या लावल्या तर पस्तीस किलोवॅटच्या आसपास क्षमता बसते. दहा गाड्यांच्या कुलरांना सगळे मिळून एक किलोवॅटही लागत नाही. उरलेल्या विजेवर बोअरचा पंप चालेल, पिण्याच्या पाण्याचा कूलर चालेल, रात्रीचे दिवे लागतील आणि तरीही बरीचशी वीज महावितरणच्या तारांत जाईल. कडुनिंब मोठा व्हायला काही वर्षं लागतात, म्हणून झाडं यंदाच्या पावसाळ्यातच लावायला हवीत.